बोटीवरची वाडगी

आमच्या घरात बसायला पाट कुणालाही मिळायचा, अडणी मात्र ज्याची त्यालाच. अडणी म्हणजे ताट ठेवायची तीन पायांची पितळी बैठक. आम्हा लिंगायतांच्या घरात ती असतेच, कारण अन्न जमिनीला टेकवायचं नाही. स्वयंपाकघरात भिंतीकडेला आमच्या पाच अडण्या ओळीनं मांडलेल्या असत. आप्पांची, आईची, अक्काची, माझी आणि एक पाहुण्यांची. अक्कानं जातीबाहेर, चकलांब्याच्या विष्णूशी लग्न केलं त्या आठवड्यात ओळीत चारच राहिल्या.  आप्पांचं घाटनांदुरात भांड्यांचं दुकान होतं, आणि मोडीचं पितळ भरलेलं एक पोतं दुकानात कायम असायचं. त्याच आठवड्यात परळीचा व्यापारी ते पोतं वजन करून घेऊन गेला. अक्काची अडणी त्यातच गेली असं आईनं समजून घेतलं, मीही समजून घेतलं. विचारलं कुणीच नाही. आईला विचारायची सोय नव्हती. मला होती, तरी मी विचारलं नाही. आज माझं वय आप्पांच्या तेव्हाच्या वयापुढं गेलं आहे, आणि न विचारलेले असे पुष्कळ प्रश्न मी गाठीला बांधून हिंडतो. त्यातला हा सगळ्यांत जड.

आप्पांना बहुतेक सगळ्याच गोष्टींचा तिटकारा होता, आणि तो त्यांनी आम्हाला वारशात दिला. त्या साली दुष्काळ होता. विहिरी कोरड्या, नदीत वाळू, टँकर आला की गावभर भांड्यांचा खणखणाट. लोक पितळेच्या घागरी मोडीत घालायला आणायचे आणि प्लास्टिकच्या घेऊन जायचे. आप्पा त्या विकायचे, पण उचलून देताना दोन बोटांनी उचलायचे, मेलेला उंदीर उचलावा तशा. "घ्या, रबराची पिशवी घ्या," म्हणायचे. गिऱ्हाईक निमूट पैसे द्यायचं. स्टीलच्या उथळ ताटांना ते 'आरसे' म्हणत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया दुपारच्या भाकरी-कालवणासाठी स्टीलची खोल वाडगी न्यायच्या, उभ्या काठाची, रुंद बुडाची. ती सगळ्यांत जास्त खपायची आणि आप्पांना सगळ्यांत जास्त खुपायची. हातात वाडगं धरून खाणं म्हणजे भीक मागणं, असं त्यांचं मत होतं. 'हमीची वाडगी' म्हणून त्यांनी ती मागच्या फळीवर टाकली होती, देवाच्या कोनाड्याकडं त्यांचं तोंडसुद्धा येऊ नये अशी.

पण आप्पांचा खरा तिटकारा होता सोसायटीच्या चेअरमनवर, आणि इथं मी त्यांच्याशी आजही पूर्ण सहमत आहे. चेअरमन म्हणजे आमच्या भागातले बागायतदार. सोसायटी त्यांची, तिचं ग्राहक भांडार त्यांचं, दुष्काळातली जनावरांची छावणीही त्यांच्याच ताब्यात. गावातली बैलं उभ्या उभ्या बरगड्या मोजून देत होती, आणि चेअरमनची जोडी छावणीच्या चाऱ्यावर अशी तुकतुकीत झाली होती की माशी बसली तर घसरावी. दुष्काळ बघायला मंत्री येणार म्हणून या माणसानं भांडारासाठी चिनी मातीची ताटं-बशा खोके भरून मागवल्या. ज्या गावात भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होते, तिथं धुतल्याशिवाय उष्टं न निघणारी ताटं! मंत्र्यांच्या गाड्या गावात थांबल्याच नाहीत. धुरळा उडवून निघून गेल्या. खोके भांडारात पडून राहिले. चेअरमन मात्र रोज सकाळी आमच्याच दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे, आमचाच चहा प्यायचे आणि सहकारातून गावाचं कल्याण कसं होतं ते आम्हाला सांगायचे.

अक्काच्या लग्नाला वर्ष होत आलं असताना, अशा एका सकाळी विष्णू दुकानात आला. मी पहिल्यांदाच त्याला नीट बघत होतो. उन्हानं रापलेला, दांडगा, पायात कॅनव्हासचे बूट. आप्पांनी त्याला ओळखलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. पण तो पायरी चढून आला आणि सरळ म्हणाला, "भांडी बघायचीत." जावई म्हणून त्याला या घरात पाय ठेवता येत नव्हता. गिऱ्हाईक म्हणून ठेवता येत होता. दुकानात आलेल्या माणसाला आप्पांनी उभ्या जन्मात परत पाठवलं नव्हतं.

"बसा," आप्पा भिंतीकडं बघून म्हणाले. "काय पायजे तुमाला?"

"बोटीवर जेवायला भांडी."

चेअरमननी चहाची बशी खाली ठेवली. "बोटीवर? हितं प्यायला पानी न्हाई बे, आन् तू समुंदरावर जेवायला निघालास?"

विष्णूनं शांतपणे सांगितलं. मुंबईच्या एका शेठची शिडाची बोट होती. पाच माणसं ती घेऊन लांबच्या सफरीवर निघणार होती आणि विष्णूकडं स्वयंपाकाचा भार होता. भांडी निवडायचं त्याच्यावर सोपवलं होतं. वारं लागलं की बोट एका अंगावर कलंडते आणि दोन-दोन दिवस तशीच चालते, असं तो म्हणाला. ताट ठेवावं तर घसरतं. काचेचं फुटतं, आणि बोटीवर सगळे अनवाणी. लोखंड खाऱ्या हवेनं गंजतं, पितळ हिरवं पडतं. जागा कमी, म्हणून भांडी एकात एक बसायला हवीत. "आधी होती ती सगळी फुटली नाहीतर वाहून गेली," तो म्हणाला.

मुंबईत भांडी मिळत नाहीत म्हणून हा माणूस घाटनांदुरात आला नव्हता, एवढं दुकानातल्या तराजूलाही कळलं असेल. आप्पांना कळलंच होतं. "जमिनीवरचं सोडून असं लटकत खायची हौस कशाला करावी मान्सानं?" ते तराजूला म्हणाले. मी हसलो. चेअरमनही हसले. विष्णू हसला नाही, पण उठूनही गेला नाही. फळीवरची खणांची स्टीलची ताटं काढून उलटीपालटी करत राहिला. "ही चालतील वाटतं. काठ हाय, खण हायेत, भाजी भातात जानार न्हाई."

मी गोण्या आणायला मागच्या दारी गेलो तर आईनं माझा हात धरला. तिला कुणीतरी सांगितलं होतं. "अक्का बी आलीय," ती कुजबुजली. "इष्टेशनावर बसलीय. आपल्या पायानं घरी यायची न्हाई ती, बोलवल्याबगर. जा, बघून ये." मी जातो म्हणालो. आणि गेलो नाही, कारण दुकानात तोवर तमाशा उभा राहिला होता आणि मला तो सोडवेना.

चेअरमननी आपला डाव टाकला होता. "आरं पावनं, साहेब लोक बोटीवर चिनी मातीतच जेवतात. आमच्या भांडारात माल हाय, सहकारी भावात देतो. ह्या आप्पाच्या डबड्यात काय जेवतोस?"

आप्पांची मान पहिल्यांदा भिंतीवरून वळली. जावयाबद्दल त्यांच्या मनात तिटकारा होता खरा, पण चेअरमनबद्दलचा त्याहून जुना आणि पक्का होता. आमच्या घरात पुढं जे काही झालं ते यामुळं झालं. मायेनं झालं असतं तर बरं वाटलं असतं, पण खोटं कशाला लिहू?

"चेअरमन," आप्पा म्हणाले, "तुमच्या बशीत तुमचा मंत्री जेवला न्हाई. समुंदर काय जेवतोय?"

"अन् तुमच्या अडणीवर जेवतोय व्हय?"

"अडणीवरचं अन्न आमच्यात पिढ्यान् पिढ्या सांडलं न्हाई."

"बोटीवर सांडंल," विष्णू हळूच म्हणाला.

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. "तुमाला काय म्हायती? ठेवून बघितली का कवा?"

"न्हाई."

"मंग?"

आणि मग ते ठरलं, कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येत नाही. चेअरमनची बैलगाडी दारात उभी होतीच. नदीचं पात्र कोरडं, गोटेच गोटे. समुद्र नसला तरी हेलकावा तर मिळेल. चेअरमननी गड्याला पाठवून भांडारातून चिनी मातीचं ताट मागवलं. आप्पांनी आतून स्वतःची अडणी आणि जर्मन धातूचं ताट आणवलं. विष्णूनं खणांचं ताट घेतलं. पातळ काहीतरी हवं म्हणून आईला निरोप गेला. आईनं भाकरी आणि पातेलंभर आमटी दिली, आणि वर झाकण म्हणून हमीचं एक वाडगं पालथं घातलं. झाकण उघडलं तेव्हा मला वासावरून कळलं की ती येसराची आमटी होती. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, घालून आमटी आमच्याकडं लग्नकार्याला करतात, किंवा जावई पहिल्यांदा जेवायला आला की. आप्पांनाही वास आला असणार. त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "घरात न्हाई जेवत हाय कुनी. गाडीत जेवतंय."

गाडी मी हाकली. मागं तिघं मांडी घालून बसले, मध्ये पातेलं. पात्रात उतरताच चेअरमननी आपल्या चिनी ताटात आमटी वाढून घेतली आणि ते ताट गाडीच्या तळाशी ठेवून, मांडीवर हात बांधून, साहेबासारखे बसले. पहिल्याच गोट्यावर चाक चढलं. ताट घसरलं, गाडीच्या कडेच्या फळीवर आपटलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. आमटी चेअरमनच्या पांढऱ्या धोतरावर पसरली. "शिवा! नीट हाक की बे!" ते ओरडले. "समुंदर नीट हाकतंय व्हय?" आप्पा म्हणाले. मी पुढच्या गोट्यावर मुद्दाम घातली. आप्पांच्या अडणीनं दोन हेलकावे सोसले, तिसऱ्याला ती कलंडली. ताट उलटं झालं आणि गाडीच्या कडेवर आपटून अडणीचा एक पाय वाकला. आप्पांनी ती उचलून मांडीवर घेतली आणि तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनंच दगा दिला. विष्णूच्या खणांच्या ताटात आमटी एका खणातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून त्याच्या बुटात गेली. त्यालाच हसू आलं. त्याचा अंदाज बाकी दोघांइतकाच चुकला होता.

मग त्यानं पातेल्यावरचं पालथं वाडगं सुलटं केलं. त्यात भाकर चुरली, वर आमटी ओतली, गुडघे फाकवून टेकले आणि वाडगं छातीशी धरलं, अंगठा काठाच्या आत. गाडी डावीकडं कलली की तो उजवीकडं कलायचा. थेंब सांडला नाही. मी गाडी हाकायचं विसरून मागं बघत होतो. इतक्या चवीनं जेवणारा माणूस मी त्या दुष्काळात दुसरा बघितला नव्हता.

"भिकाऱ्यावानी," आप्पा म्हणाले. पण नजर काढून घेतली नाही.

जेवण झालं. विष्णूनं गाडीतल्या कळशीतलं चूळभर पाणी वाडग्यात घेतलं, बोटानं आतून कडा पुसल्या, वाडगं गोल फिरवलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. आमच्या घरात प्रत्येक जेवण असंच संपतं. ताट धुऊन पाणी प्यायचं, अन्नाचा कण टाकायचा नाही. चकलांब्याच्या शेतकऱ्याच्या घरात ही रीत नसते.

आप्पांचा आवाज बदलला. "हे कुनी शिकवलं?"

"घरी तशीच रीत हाय."

"कुनाच्या घरी?"

"माझ्या." तो अडखळला. "म्हंजे तिच्या. बोटीवर गोडं पानी लई कमी. बाकीचे खाऱ्या पान्यात भांडी बुचकळायचे आन् मला हसायचे. आता पाची जनं असंच करतो."

चेअरमनना धोतराचा राग कुठंतरी काढायचा होता. "बघा आप्पा, पोरगी जातीबाहेर गेली पर सगळी जात समुंदरात नेऊन बुडवली तिनं!"

"शिवा, गाडी थांबव," आप्पा म्हणाले. ते खाली उतरले. वाकडी अडणी काखेत. "गाडी तुमची हाय चेअरमन, तुमाला उतरा म्हनता येत न्हाई. मी उतरतो." आणि वाळूतून एकटेच चालत निघून गेले. मला वाटलं, संपलं सगळं. अक्का तिकडं स्टेशनवर बसून आहे, आणि आम्ही तिच्या नवऱ्याला गाडीत घालून हसत नाचवलं आणि वर हे ऐकवलं. चेअरमनची गाडी मी तिथंच सोडली. विष्णू आणि मी आप्पांच्या मागून दुकानापर्यंत चालत आलो.

दुकानात आप्पा मागच्या फळीसमोर स्टुलावर चढले होते. त्यांनी हमीची वाडगी खाली काढली, एकेकाची कड अंगठ्यानं तपासली. दोन बाजूला टाकली, कड नीट वळलेली नाही म्हणून. सहा निवडली. "आमी पाच हावोत," विष्णू म्हणाला. "अर्ध्या डझनाखाली देत न्हाई मी," आप्पा म्हणाले. "खाली वलं गोनपाट घाला म्हंजे सरकायची न्हाईत. एकात एक ठेवताना मधी कापड घाला, न्हाईतर रात्रभर वाजतील." मग छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन बसले. विकलेल्या भांड्यावर नाव घालून द्यायचं, ही प्रत्येक भांडेवाल्याची पद्धत. टक टक टक, ठिपक्या ठिपक्यांनी सहा वाडग्यांवर नाव घातलं. काय नाव घालायचं ते विचारलं नाही, काय घातलं ते दाखवलं नाही. वाडगी कागदात बांधली आणि पुरते पैसे घेतले. सूट दिली नाही. "या," म्हणाले. गिऱ्हाईकाला म्हणतात तसं.

ओझं घेऊन मी विष्णूबरोबर स्टेशनवर गेलो. जायला हवं होतं त्यानंतर कितीतरी वेळानं. अक्का लिंबाखाली बसली होती, सकाळपासून, पदर डोक्यावर घेऊन. मला बघून तिनं तोंड फिरवलं नाही, यानं मला जास्तच लाजल्यासारखं झालं. तिनं गाठोडं सोडलं, एक वाडगं उन्हात धरलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत वाचलं. 'चि. गंगास आप्पाकडून.' गंगा म्हणजे अक्काच. सहाही तिनं वाचली. लग्नात माहेरची भांडी मुलीला देतात, त्यावर असंच लिहितात. अक्काला तिच्या लग्नात माहेरचं एक भांडं मिळालं नव्हतं.

"पैसे घेतले का?" तिनं विचारलं.

"घेतले," विष्णू म्हणाला. "पुरते."

"सूट?"

"एक पैसा न्हाई."

ती हसली, डोळे भरलेले असताना. "मंग आप्पांनीच घातलंय नाव." आणि सहावं वाडगं माझ्या हातात दिलं. "बोटीवर पाचच जनं हायेत. हे त्यांना दे. म्हनाव, जावयाला गाडीत जेवू घातलं, लेकीनं कुटं जेवावं ते बी सांगा."

हा निरोप मी घरी जसाच्या तसा सांगितला. आप्पा देवघरासमोरून नुकतेच उठले होते. "इकलेला माल परत घेत न्हाई मी," म्हणाले आणि जेवायला बसले. त्यांची अडणी वाकलेली. पाहुण्यांची अडणी शेजारी होती, पण आईनं ती पुढं केली नाही. तिनं सहाव्या वाडग्यात भाकर चुरली, उरलेली येसराची आमटी ओतली आणि वाडगं सरळ त्यांच्या हातात दिलं.

"ह्यात कावून वाढलं?"

"लेकीनं परत पाठवलंय," आई म्हणाली. उभ्या संसारात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "खावा."

आप्पा वाडगं धरून बसून राहिले. मग खाल्लं. हातात धरून, अंगठा काठाच्या आत. संपल्यावर त्यात पाणी घेतलं, बोटानं कडा पुसल्या आणि ते पाणी प्यायले. वाडगं पालथं घालून विचारलं, "गाडी गेली का त्यांची?"

"न्हाई. लेट हाय."

"माळ्यावर ज्वारीच्या कणगीमागं तिची अडणी हाय. काढ." आणि मग, माझ्याकडं न बघता, "पावन्याची बी मांड. आन् भांडं परत करनारीला बी बोलाव, अन् तिच्या नवऱ्याला बी."

मी शिडी लावून माळ्यावर चढलो. कणगीमागं हात घातला तर कापडात गुंडाळलेली अडणी हाताला लागली. मी कापड सोडलं. मला वाटलं होतं वर्षाची धूळ असेल, हिरवी पडली असेल. धूळ नव्हती. चिंचेनं घासल्यासारखी लखलखत होती, आणि ते कापड आप्पांच्या जुन्या धोतराचं होतं. हा माणूस वर्षभर आमच्यापासून चोरून इथं चढत होता, ती घासत होता, आणि खाली आई चार अडण्या मांडताना रोज डोळे पुसत होती ते बघत होता. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा माया आली नाही, तिटकाराच आला. आप्पांनी शिकवलेला, आप्पांच्याच वाट्याला. तो अजून पुरता गेलेला नाही.

अडणी काखेत मारून मी तसाच स्टेशनकडं पळालो. ती घरात मांडून जायला हवी होती, पण तोंडानं सांगितलेलं अक्कानं खरं मानलं नसतं.